सोलापुरात नव्याने आलात? मग शाळा मधल्या सुट्टीत बघा

मे महिन्यात जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत सामानाचे टेम्पो उतरायला लागले की बदलीवाल्यांचा हंगाम सुरू झाला असं समजायचं. कुणी बँकेतले, कुणी रेल्वेतले, कुणी चिंचोळी एमआयडीसीत नव्याने लागलेले. गॅस आणि पाण्याची पाळी या दोन गोष्टी मार्गी लागल्या की तिसरा प्रश्न येतो, "पोरांना कुठल्या शाळेत घालायचं?" शेजारी तीन नावं सांगतात, वॉचमन चौथं सांगतो, आणि आठवडाभरात आपण फी भरून मोकळे होतो.

आम्हीही तेच केलं होतं. लातूरहून आलो तेव्हा थोरली दुसरीत होती. शाळेची इमारत तीन मजली, फाटकावर बॅनर, दारात पिवळी बस. जुलैत माझ्या लक्षात आलं की पाण्याची बाटली सकाळी भरून देते तशीच संध्याकाळी परत येते. विचारलं की "विसरले" म्हणायची. ऑगस्टमध्ये ताप आला, डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि जंतुसंसर्ग निघाला. मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं की मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती, आत पाणी नसायचं, म्हणून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. त्याच दिवसांत तिचं वर्गातलं लक्षही उडालं होतं आणि मी मात्र तिला पाढ्यांवरून रागवत बसले होते.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. पोर शाळेत निवांत आहे का आणि पोर शिकतंय का, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. धाकट्याची शाळा शोधताना मी उलट्या टोकाने सुरुवात केली. ती पद्धत इथे क्रमाने सांगते.

आधी कागद, पण कागदांना घाबरू नका

जन्माचा दाखला, आधार, पत्त्याचा पुरावा आणि आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, एवढं एका पिशवीत ठेवा. पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं.

इंडी, विजापूर, कलबुर्गीकडून आलेली बरीच कुटुंबं दाखला हातात नाही म्हणून पोराला महिना-महिना घरी बसवतात. त्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साफ लिहिलं आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला हेही प्रवेश अडवायचं कारण होऊ शकत नाही. पोराला वर्गात बसवा, कागद मागून येतील. वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी हेच.

खासगी शाळेतल्या, वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांवर डोळा असेल तर मात्र वेळ पाळावी लागते. हे अर्ज ऑनलाइन असतात, शाळा उघडायच्या कितीतरी आधी भरायचे असतात आणि सोडत निघते. नव्याने आलेल्यांचं घोडं हमखास भाडेकरारावर अडतं. साध्या स्टॅम्पवर घरमालकाने सही केलेला कागद उपयोगाचा नाही, नोंदणी केलेला करार लागतो आणि त्याची तारीख अर्जाच्या आधीची लागते. तेव्हा घर घेतानाच मालकाशी हे बोलून घ्या. दुर्बल घटकातून अर्ज करायचा असेल तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला काढावा लागतो.

कुठल्या भाषेत?

हा प्रश्न सोलापूरइतका गुंतागुंतीचा फार थोड्या शहरांत असेल. शहरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी अशा पाच माध्यमांच्या शाळा आहेत. पूर्व भागात गेलात तर गल्लीत तेलुगू ऐकू येते, अक्कलकोट रोडला कन्नड, आणि भाजीवाली तिन्ही भाषांत हिशेब करते. त्यातून मराठी शाळांत 'सेमी' हा प्रकार, म्हणजे बाकी सगळं मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. राज्यातल्या प्रत्येक शाळेत, मग बोर्ड कुठलंही असो, मराठी विषय सक्तीचा आहे. २०२० पासून तसा कायदाच आहे. त्यामुळे इंग्रजी माध्यमात घातलं तर मराठी सुटेल ही भीती निम्मी तरी कमी करा.

माझी कसोटी साधी आहे. पोटात दुखतंय हे पोर ज्या भाषेत न अडखळता सांगू शकेल, ती भाषा वर्गातल्या बाईंना कळते का? घरी तेलुगू बोलणारं पोर मराठी शाळेत गेलं म्हणून बिघडत नाही, पूर्व भागातल्या कितीतरी पिढ्या तशाच शिकल्या. बिघडतं कुठे, तर पोर गप्प बसतं आणि बाई त्याला 'मंद' म्हणून मागच्या बाकावर सरकवतात तिथे.

याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. लोकांच्या लक्षात राहिले ते पुस्तकांतले क्यूआर कोड. त्या पुरस्काराच्या वेळी त्यांच्या कामाची जी हकीगत जगापुढे मांडली गेली, तिच्यात मला जास्त मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे लक्षात आल्यावर गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. तेव्हा शाळा दाखवताना कुणी तुम्हाला थेट 'डिजिटल रूम'कडे न्यायला लागलं तर जरा थांबा. वर्गातल्या बाईंना मुलांच्या घरी काय बोलतात हे माहीत आहे का, ते आधी विचारा.

घरबसल्या एवढं बघा

प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने किंवा नावाने शोधलं की शाळेत किती शिक्षक, किती मुलं, संडास किती, पाण्याची सोय काय हे दिसतं. शाळेला मान्यता आहे की नाही याचाही अंदाज येतो. फक्त एक ध्यानात ठेवा, ही माहिती शाळेनेच भरलेली असते. कागदावर 'चालू स्थितीत' असलेला संडास मी कुलूप लावलेला पाहिला आहे.

शिक्षकांचा हिशेब असा: पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, दोनशेपर्यंत पाच. म्हणजे साधारण तीस मुलांमागे एक. खासगी शाळेत एका तुकडीत पन्नास-पंचावन्न पोरं कोंबलेली दिसतात आणि पालक त्यालाच 'शाळेला मागणी आहे' म्हणतात. उलट, शहराच्या कडेच्या गावांत द्विशिक्षकी शाळा असते, दोन गुरुजी मिळून चार वर्ग. पट कमी म्हणून अशा शाळेला लगेच नाक मुरडू नका. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र बसत असेल तर गुरुजी पहिलीशी बोलत असताना दुसरी काय करते, तेवढं बघा. दुसरीतली पोरं पहिलीला वाचून दाखवत असतील तर शाळा चांगली चालली आहे. नुसती हाताची घडी आणि तोंडावर बोट असेल तर नाही.

आता जा, पण मधल्या सुट्टीत

प्रवेशाच्या चौकशीला शाळा आपल्याला सकाळी बोलावते. तेव्हा आवार झाडलेलं असतं, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ट्रॉफ्या असतात. तुम्ही फोन करून परवानगी घ्या, पण वेळ मागा ती मधल्या सुट्टीची. चांगल्या शाळेला त्याचं काही वाटत नाही. "सुट्टीत गोंधळ असतो हो" असं दोनदा ऐकलंत तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

पहिल्यांदा संडास. नाक मुरडून बाहेरून बघायचं नाही, दार उघडून बघायचं. कडी आहे का, सहा वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोहोचतो का, आत नळाला पाणी आहे की बाहेरून बादली भरून न्यायची, मुलामुलींचे वेगळे आहेत का. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला आल्या आठवड्यातच कळलं असेल. म्हणून शाळेत "पाणी आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "टाकी किती लिटरची आणि पाणी लांबलं तर काय करता?" असं विचारा. एका मुख्याध्यापकांनी मला लगेच टँकरवाल्याचा नंबर दाखवला, बोअरचं पाणी संडासाला आणि टँकरचं हात धुवायला हेही सांगितलं. दुसऱ्या एका शाळेत याच प्रश्नाला "मुलं घरूनच बाटली आणतात" असं उत्तर आलं. दोन्ही शाळांच्या इमारती सारख्याच होत्या.

मग डबे. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, आणि ताटात ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियम. खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने चाखून चवीच्या नोंदवहीत लिहायचं असतं. ती वही मागून बघा. रोज एकाच शाईत, एकाच हाताने 'चव उत्तम' लिहिलेलं असेल तर ती महिन्याच्या शेवटी एकदम भरली जाते हे सांगायला ज्योतिषी नको. शिजवणाऱ्या ताई तिथेच असतात, त्यांच्याशी दोन शब्द बोला. किती पोरं परत मागायला येतात हे त्या नेमकं सांगतात.

आणि मुलं. पाच मिनिटं भिंतीला टेकून नुसतं उभं राहा. प्रत्येक शाळेत एखादं पोर एकटं बसून खातं. मोठ्या माणसांपैकी कुणाचं त्याच्याकडे लक्ष आहे का? धडपडलेलं पोर कुणाकडे धावतं, बाईंकडे, शिपाईमामांकडे, की कुणाकडेच नाही? शिक्षक आले की मुलं कलकलत पुढे येतात की एकदम पांगतात? मला वाटतं, शाळेबद्दल जे कळायचं ते या पाच मिनिटांत कळून जातं. पुढचं सगळं खातरजमेसाठी.

जाता जाता छताकडे बघा. सोलापूरचा उन्हाळा पत्र्याखाली काढणं म्हणजे काय ते एप्रिलमध्ये कळतं. पंखे चालतात का, दुपारी कुठल्या खोल्यांत बसवतात, सकाळची शाळा कधीपासून लागते, हे विचारून ठेवा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा सरकारचा २०२४ चा निर्णय आहे. उन्हाळ्यातली सकाळची शाळा ही वेगळी गोष्ट. वर्षभर सातला बस दारात येणार असेल तर पोर झोपणार किती, याचा हिशेब घालाच.

मुख्याध्यापकांना काय विचारायचं

निकाल विचारू नका. प्राथमिक शाळेचा निकाल म्हणजे काय असतो? पहिली-दुसरीला ७० टक्के भार रोजच्या आकारिक मूल्यमापनाला आणि ३० टक्के संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला असतो, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. प्रगती पुस्तकातल्या श्रेणीवरून शाळा कळत नाही.

त्यापेक्षा हे विचारा: "एखादं पोर तीन दिवस आलं नाही तर तुम्ही काय करता?" विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर जाणाऱ्या आईबापांची मुलं जिथे शिकतात, तिथल्या चांगल्या बाई याचं उत्तर नावानिशी देतात. कोण बहिणीला सांभाळायला घरी राहतं, कुणाची आई दवाखान्यात आहे, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. "मेसेज टाकतो" हेही उत्तरच आहे, फक्त वेगळ्या शाळेचं.

मारण्याबद्दल थेट विचारायला लाजू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला कायद्याने बंदी आहे. "मारत नाही, पण धाक हवा ना" असं हसत हसत सांगणारे पुष्कळ भेटतील, पालकही माना डोलावतात. धाक म्हणजे नक्की काय, हे विचारा. वर्गाबाहेर उभं करणं? सगळ्यांसमोर वही फेकणं? तक्रारपेटी आहे का आणि ती कोण उघडतं? मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? २०२४ च्या बदलापूरच्या घटनेनंतर कॅमेरे ठिकठिकाणी बसले, पण शाळेच्या गाडीत शेवटच्या मुलीबरोबर कोण असतं हा प्रश्न कॅमेऱ्याने सुटत नाही. रिक्षा लावणार असाल तर तोच प्रश्न रिक्षावाल्या काकांनाही विचारा.

प्रवेशासाठी पोराची किंवा तुमची मुलाखत घेणं बेकायदा आहे. 'इंटरॅक्शन' असं गोंडस नाव दिलं तरी. पहिल्या वेळेला त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर मांडावी लागते आणि एकदा ठरली की दोन शैक्षणिक वर्षं तीच राहते. हे माहीत आहे एवढं बोलण्यात सहज येऊ द्या, भांडायची गरज पडत नाही.

शिकवणं कसं ओळखायचं

दोन-तीन मुलांच्या वह्या मागा, पुढच्या बाकावरच्या नव्हे. सगळीकडे लाल बरोबरच्या खुणा आणि 'छान' असेल, पण चुका तशाच राहिल्या असतील, तर त्या बाई वही तपासत नाहीत, नुसती सही करतात. चूक गोल करून बाजूला तोच शब्द पोराकडून पुन्हा लिहून घेतलेला दिसला तर खुशाल प्रवेश घ्या. भिंतीवर मुलांनी स्वतः काढलेली वाकडीतिकडी चित्रं, स्वतः लिहिलेली चुकीच्या वेलांटीची वाक्यं लावली असतील तर आणखी चांगलं. छापील तक्ते दुकानात मिळतात.

आपल्या पोराचा अंदाज घरीच घ्या. निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या मोहिमेच्या लक्ष्यांनुसार दुसरी संपताना मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द अर्थ समजून वाचायला हवेत. आकडे दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९,९९९ पर्यंत. घड्याळ लावून पोराची परीक्षा घेऊ नका, बिचारं धास्तावेल. एखादी गोष्ट वाचायला द्या आणि मग "पुढे काय झालं?" म्हणून विचारा. धाकटा पहिलीत घडाघडा वाचायचा, आणि विचारलं तर काही सांगता यायचं नाही, कारण त्याने पान पाठ केलं होतं. हे मला त्याच्या बाईंनीच दाखवून दिलं. महापालिकेच्या शाळेतल्या बाईंनी.

पहिले सहा आठवडे

प्रवेश झाला की पालक सुटकेचा श्वास सोडतात. खरं लक्ष द्यायचे दिवस हेच. बाटली, डबा, सोमवार सकाळची पोटदुखी, सुटलेली अंथरुणात शू करायची सवय परत येणं, रात्री "उद्या सुट्टी आहे का" असं विचारणं. यातलं एखादं एखाद्या दिवशी होतंच. दोन आठवडे चाललं तर वर्गशिक्षिकेला भेटा, समोरासमोर. ग्रुपवर लिहू नका. ग्रुपवर पन्नास पालक वाचतात आणि बाईंना स्वतःचा बचाव करण्यावाचून पर्याय राहत नाही.

दप्तर काट्यावर ठेवून बघा. पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नको, आणि २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, त्याची तारीख विचारून ठेवा आणि नंतर काय निघालं तेही. मागच्या बाकावरच्या कितीतरी 'लक्ष नसलेल्या' पोरांना फळाच दिसत नसतो.

बिनसलं तर

क्रम पाळा. वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज आणि त्याच्या प्रतीवर पोच. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी आणि अनुदानित शाळांत तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका असाव्याच लागतात. विनाअनुदानित शाळेत तिच्या जागी पालक-शिक्षक संघ. तिथेही हललं नाही तर महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण मंडळाचे प्रशासनाधिकारी, आणि गावाकडच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (प्राथमिक). पोराच्या अंगाला कुणी नको तसा हात लावल्याचा संशय असेल तर मात्र हा क्रम विसरायचा. थेट पोलिसांत जायचं किंवा १०९८ ला फोन करायचा, शाळेच्या चौकशीची वाट बघायची नाही.

समितीवर तुम्हीच गेलात तर उत्तम. बैठकीत चहा होतो, कुणीतरी सहीसाठी वही फिरवतं आणि सगळे उठायला लागतात. मी पहिल्या बैठकीत दोन कड्या आणि एक नळ मागितला. सगळे हसले, "मॅडम, एवढंच?" महिना लागला, पण बसले.

शाळा बघायला जायचा दिवसही नीट निवडा. जूनमधला शाळेचा पहिला आठवडा फुलं-फुगे आणि नवीन पुस्तकांचा असतो, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते आणि पोरांचं मन नंदीध्वजांमागे. जुलैच्या मध्यावर, पाऊस पडून गेलेल्या दुपारी जा. छत गळतं का तेही त्याच फेरीत दिसेल.